स्ना

हेमलता रात्रपाळी संपवून फोन करते
तेव्हा साखर पेठेत दुपारचे साडेबारा झालेले असतात
आणि मागावर टॉवेलची किनार चालू असते.
"काका, एक शब्द सांगू?"
तिच्या वृद्धाश्रमातली नोरा, ब्याण्णव वर्षांची,
लोकरीचा गुंडा करता करता म्हणाली,
आमच्या आयरिशमध्ये दोऱ्याला स्ना म्हणतात.
शेवटी एक थ असतो.
लिहायचा. म्हणायचा नाही.

मी म्हटलं, थांब, माग बंद करतो.

घरात आमच्या नूलु.
शाळेत गुरुजींनी त्याचं सूत करून घेतलं.
शेजारचे हिरेमठ कानडीतही नूलुच म्हणायचे,
म्हणून त्यांचं आणि आईचं भांडण
कितीही पेटलं तरी धाग्यापाशी विझायचं.

संध्याकाळी इराबत्ती मास्तरांकडे गेलो.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
मांडीवर कोश, कोशावर शेंगाचटणीचा डाग.
म्हणाले, अरे, हा तर आपला स्नायू!
कातणं, पीळ देणं, असं काहीतरी
फार पूर्वी कुणी तोंडातून काढलं;
तिकडे त्याचा दोरा झाला,
इकडे शिर झाली, धनुष्याची दोरी झाली.
मांस म्हणून आपण तो मागाहून वापरला.

मी म्हटलं, मास्तर, सुतावरून स्वर्ग नको.
म्हणाले, स्वर्ग कुठला, आयर्लंड.

परतताना कन्ना चौकात दिव्याखाली
उजवा हात उघडून पाहिला.
अठ्ठ्याण्णव साली धोटा उडून लागला होता.
सिव्हिलच्या पोरसवदा डॉक्टरनं
आतली शिर ओढून शिवली.
मी विचारलं होतं, कितीचा काउंट?
तो हसला नाही. त्याला कळलंच नाही.

करंगळी तेव्हापासून सरळ होत नाही.
आहे. मोजताना येते.
कामाला येत नाही.
थ.

रविवारी पुन्हा फोन.
नोराला मुलाचं नाव आठवत नाही आता,
पण नूलु शिकवलं तर दिवसभर घोळवत होती,
ल जरा जास्तच ओला करून.
"तिला काय सांगू तुमच्याकडून?"

काय सांगणार.
ताण्याची एक तार तुटली होती,
फोन खांद्याशी धरून
चार बोटांनी गाठ मारली,
आणि म्हटलं, हा आवाज ऐकव तिला.
खटका दाबला.