डावी बाजू

न्हाव्याच्या दुकानात लिस्बनहून आलेलं एक मासिक होतं,
दाढीचा फेस उडून पानं चिकटलेली.
त्यातलं एक पान फाडून रुझार मेस्त्री
डिचोलीच्या कासारआळीत आला, सत्तावन्न साली,
माझ्या थोरल्या काकांकडे. सगुण कासार.
पानावर शर्यतीची मोटार: लांब नाक, एकाच माणसापुरती जागा,
माशी बसली तर घसरावी अशी वळणं.
"फियाटचा सांगाडा मिळालाय, खाणीवर आपटलेली.
कातडी तू चढव."

काका जन्मात मोटारीत बसले नव्हते.
हंडे, घागरी, देवळाचे दोन कळस,
एवढंच त्यांचं गोलाईचं शिक्षण.
त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात.
"ही उजवी बाजू. डावी कुठाय?"
"फोटोत नाही."
"नसू दे," काका म्हणाले. "असणारच."

पहिला पत्रा वितळून राखेत गेला.
तांबं लाल होऊन सांगतं, आता पुरे.
ॲल्युमिनियम काही सांगत नाही,
पांढरंच राहतं आणि पांढरंच मरतं.
मग रुझारने कुठूनशी ऐकलेली युक्ती:
पत्र्याला साबण चोळायचा,
साबण काळवंडला की जाळ काढून घ्यायचा.
साबण न्हाव्याचाच. उधारीवर.

चवथीपासून नाताळपर्यंत
फणसाच्या लाकडाचा साचा, वाळूची पोती, मोगरी.
उजवी बाजू पान बघून.
डावी बाजू डोळे मिटून.

शर्यत एकदाच झाली, अस्नोड्याच्या रस्त्यावर,
खाणमालकांच्या पोरांनी हौसेने लावलेली.
पाच गाड्या. एक सुरूच झाली नाही, एक शेतात गेली.
रुझार तिसरा आला, म्हणजे शेवटचा,
पण डिचोलीत 'तिसरा नंबर' एवढंच पोचलं.
तो सांगत फिरायचा,
डाव्या वळणाला ती आपणहून झुकते,
उजव्याला मात्र समजूत घालावी लागते.
खोटं असणार. पत्र्याच्या फुगीने मोटार ओढत नाही.
तरी मी ते लहानपणी शंभरदा ऐकून घेतलं.

आता ती माझ्या शेडमध्ये आहे.
मधली वर्षं एका काजूच्या भट्टीमागे गेली,
कोंबड्या आत अंडी घालायच्या.
बेळगावच्या किट्टूर साहेबांनी ती विकत घेतली,
तज्ज्ञ आणला, लेझरने मोजून घेतली.
डावा गाल अकरा मिलिमीटर जास्त.
"दोन्ही बाजू सारख्या करा," साहेब म्हणाले.
भला माणूस. पैसे आगाऊ दिले,
वर माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी केली.

डावा पत्रा उतरवला. आतून कधी कुणी रंग दिला नव्हता.
दिवा धरला.
मोगरीचे ठसे, एकाला लागून एक,
जरासे कलते, काकांचा हात तसाच पडायचा.
आमच्या न्हाणीतल्या हंड्यावर हेच ठसे आहेत,
हंडा घासताना रोज बोटांना लागतात.
आणि चाकाच्या कमानीजवळ
भांड्यावर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव:

रुझार मेस्त्री यास सप्रेम.
वजन साडेतीन शेर. घट वजा.

मला हसूच आलं.
मग बराच वेळ नुसता स्टुलावर बसून राहिलो,
हातोडा मांडीवर.

बुधवारी टेम्पो येईल.
साहेब तिला दुसरीकडे नेऊन सारखी करून घेतीलही.
पत्रा होता तसा चढवला,
हात धुतले आणि बिल लिहायला घेतलं:
नाकाचा तडा झाळणे, चार हजार.
उजवी बाजू, नारळ पडल्याचा पोचा काढणे, नऊशे.
डावी बाजू
इथे पेन अडलं. सुकलं असेल, झटकून पाहिलं.
डावी बाजू, तपासली.
बरोबर आहे.