पासंग

ठरलेले परीक्षक आयत्या वेळी आजारी पडले
म्हणून मला बसवलं, टिळक रस्त्यावरच्या शाळेत.
वजनमापे निरीक्षक, निवृत्त.
समोर घंटा, तांब्याभांडं, गुणांचा तक्ता.
फळ्यावर वळणदार अक्षरात विषय:
‘नीतीच्या कसोटीवर आपलं राष्ट्र सर्वश्रेष्ठ.’

खाजगीवाल्यांचा श्रीरंग सणसणीत बोलला.
कुणी माणसं जहाजात भरून विकली,
कुणी झोपेतून उठणाऱ्या शहरावर सूर्य टाकला,
कुणी माणसं जाळली आणि राखेचाही
हिशेब नीट लिहून ठेवला.
सगळं खरं. एक सनावळ चुकली नाही.
‘आणि आपण? आपण कधी कुणावर चालून गेलो नाही!’
टाळ्या.
माझा अंगठा टेबलाखाली
उगाचच काहीतरी चाचपत होता.

पस्तीस वर्षं मी पारड्यांच्या बुडाशी हात घातलाय.
मंडईत, भुसार बाजारात, रेशनच्या रांगेपुढे.
चिंचेचा गोळा सापडायचा, मेण, चिकटवलेलं नाणं.
एका भाजीवालीच्या पारड्याखाली देवीचा टाक होता.
म्हणाली, बरकतीसाठी बांधलाय, साहेब.
खोटं नव्हती बोलत.
देवी वजनात धरायची असते
हे तिला सुचलंच नव्हतं.

बोहरी आळीत मुर्तझाभाई काटे दुरुस्त करायचे,
नाकावर घसरलेला चष्मा, बोटांना तेल.
नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला म्हणाले,
‘काटा मध्ये उभा दिसला म्हणून शिक्का मारू नका.
इकडचा माल तिकडे टाका, तिकडची वजनं इकडे.
खरा काटा तेव्हाही उभा राहतो.
खोट्याला घाम फुटतो.’

पाचवी आली मयूरी खुडे. हातात कागद नाही.
म्हणाली, ‘आपण कुणावर चालून गेलो नाही, हे बरोबर.
लांब जायची आपल्याला गरजच पडली नाही.’
आणि दोन मिनिटं शिल्लक ठेवून
खाली बसली.
कुणी टाळी वाजवली नाही. घंटेवरचा माझा हात
तसाच राहिला.

आमच्याकडे रद्दी न्यायला ठकूबाई यायची.
आई दर वेळी घरचं किलोचं माप घालून
तिचा काटा तपासायची. एकदाही खोटा निघाला नाही.
मग चहा. गॅलरीच्या कठड्यावर
कान तुटलेला कप असायचा, तो ठकूबाईचा.
तो तिनंच विसळायचा, तिनंच पालथा घालायचा.
तो कप कुणी तपासला नाही.
मी तर सरकारी निरीक्षक होतो,
पितळी शिक्का खिशात घेऊन
त्याच कठड्याला टेकून पेपर वाचायचो.

म्हणजे सगळे सारखेच, असं मी म्हणत नाही.
‘साहेब, सगळेच काटे खोटे’ म्हणणारे दुकानदार
मी खूप पाहिलेत.
त्यांच्याकडेच गिऱ्हाईक सगळ्यात जास्त बुडायचं.
वजन असतं. शहर जाळल्याचं असतं,
कपाचं असतं, आणि ते एक नाही.
पण दुसऱ्याचं पाप मोजायला बसताना
आपला देव कुठं बांधलाय
ते आधी बघावं लागतं.

तक्त्यात रकाने होते: उच्चार, आवेश, विषयाची मांडणी.
श्रीरंग पहिला आला. नियमानं यायलाच हवा होता.
मयूरीच्या नावापुढे वेळेचे गुण कापले मीच,
आणि सही करताना
माझं नाव मला जड गेलं.

बाहेर बाजीराव रस्त्यावर शेंगदाणेवाल्याचा
नवा, लाल आकड्यांचा काटा.
वर काहीच नव्हतं, तरी आकडा उणे पाच ग्रॅम.
मी थांबून बघत राहिलो.
‘काका, रिकामाच आहे तो,’ पोरगा हसला.
म्हटलं, बाळा, रिकामाच तर बघायचा असतो.
त्यानं बटण दाबलं. शून्य आलं.
पुडी बांधून दिली, वर चार दाणे जास्तीचे.

पुडी हातात धरून मी घरापर्यंत आलो.
अंदाज घेत होतो,
एकदा या हातात,
एकदा त्या.