वाळू किती खोल आहे

विचारलंत म्हणून सांगतो, मोजणीच्या बाई.
वरची धरू नका. कोलारेसची वरची वाळू वाऱ्याच्या मालकीची,
आज माझी, उद्या शेजारच्या देओलिंदाची.
खाली जायचं माणसाच्या उंचीइतकं,
मग त्याच्या खांद्यावर आणखी एक माणूस उभा करायचा,
तेवढ्या खाली चिकणमाती लागते.
वेल तिथे लावतात.
वाळूत नाही. वाळू नुसतं पांघरूण.

तेही एका दमात घालायचं नसतं.
यंदा वीतभर, पुढच्या वर्षी हातभर,
वेल वर डोकावली की पुन्हा गाडायची.
शेवटी ती उभं राहण्याचा नाद सोडते,
घोरपडीसारखी जमिनीला धरून राहते.
ऑगस्टात वाळूचा तवा होतो,
तेव्हा घडांखाली काड्यांचे टेकू,
नाहीतर द्राक्षं वेलीवरच उकडतात.
आणि समुद्राच्या अंगाला बोरूचे कूड:
वाऱ्यावरचं मीठ आधी त्यांनी खावं.

जात रामिश्कू. बारीक दाणा, जाड साल,
स्वभाव आमच्या थोरल्या काकाचा,
वीस वर्षं कुणाशी धड बोलत नाही.
पहिला घोट म्हणजे तोंडात कात धरल्यासारखा.
घाई असेल त्याने दुसरीकडे प्यावी.

मुळं कुरतडणारी ती कीड आली
तेव्हा युरोपभरचे मळे आडवे झाले,
लोकांनी परक्या मुळांवर आपल्या काड्या बांधल्या.
इथे तिला वाळूतून चालताच येईना.
आमच्या वेली अजून स्वतःच्या पायांवर आहेत.
मिरवायला सांगत नाही.
पाय फार खोल आहेत, एवढंच.
काढायला निघालात की कळेल.

खणणाऱ्याच्या डोक्यावर टोपली असायची, पालथी.
उन्हासाठी नव्हे.
चर ढासळला तर टोपलीएवढी हवा आपली.
बाप माझा, झेफेरीनो, एकदा गाडला गेला.
मी वर, बारा वर्षांचा, पाण्याची घागर घेऊन.
मोठा आवाज झाला नाही. कुणी गोणी ओतावी तसं.
आणि मग सपाट,
जणू तिथे कधी कुणी खणलंच नव्हतं.
सहा जणांनी हातांनी उपसलं,
फावडं मारायची कुणाची छाती झाली नाही.
निघाला. ओठ निळे. टोपली उचलली तर म्हणतो,
"आत समुद्र जास्त ऐकू येतो."
घागर रिकामी केली, आणि त्याच दुपारी पुन्हा उतरला,
खाली वेल उघडी होती.

त्या चरातली पहिली वाइन?
चार बाटल्या विकल्या, एक फुटली,
एक माझ्या लग्नात उघडली. फार लवकर. चुकलंच.
टोपली आहे. स्वयंपाकघरात. कांदे ठेवतो.

तुम्ही कांदे एकेक करून टेबलावर मांडलेत
आणि हसत हसत ती डोक्यावर घेतलीत.
मग हसू थांबलं.
बाहेर ट्रक चालला होता लिस्बनच्या रस्त्याने,
पलीकडच्या टेकडीवर नवे बंगले, निळ्या हौदांसकट.
मी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.
बऱ्याच वेळाने बाहेर आलात,
वहीत काही लिहिलंत, काही खोडलंत.
माझा चष्मा जवळ नव्हता.

फाटकापर्यंत सोडायला आलो.
तुमच्या केसांत कांद्याची साल राहिली होती.
सांगितलं नाही.