अबू अस्मा

ईसा टाउनच्या कॉलेजात, जिमच्या मागे
एसीच्या गळक्या पाइपाखाली माझी खोली.
एक हीट-प्रेस, एक केस वाळवायचं यंत्र,
मरून रंगाच्या अक्षरांचे रोल.
पोरं मला अबू अस्मा म्हणतात.
अस्मा नावाची लेक नाही मला.
अरबीत अस्मा म्हणजे नावं.
मी नावांचा बाप.

पूर्वी पाठीवर नाव चिकटवलं
की चार वर्षं बघायला नको.
कापड विरायचं, पोरगं डिग्री घेऊन जायचं,
नाव शाबूत.
तेव्हा खेळाडूला फी माफ
आणि जिंकल्यावर शवारमा.
आता ऑगस्टात चिकटवलेलं जानेवारीत सोलतो.
गेल्या मोसमात सात सोलली,
एकाला तर अजून घामही लागला नव्हता.
कोच हल्ली चहा पिताना
फोन पालथा ठेवतो.

शुब्बर सित्र्याचा, सहा फूट सात.
माझ्या दारातून वाकूनच यायचा,
सलाम करतोय असं वाटायचं.
एका रात्री आला आणि बसलाच नाही.
अबू अस्मा, पुलापलीकडून बोलावणं आलंय,
खोबरचं कॉलेज,
महिन्याला नऊशे दिनार.
इथे दोनशे मिळायचे त्याला.
मला एकशे साठ, आणि ही खोली.
जाऊ का, म्हणाला.

मला दोन हजार तीन साल आठवलं.
रिफ्फाच्या लाँड्रीवाल्यानं
वीस दिनार जास्त देऊ केले होते.
वीस.
एनओसी मागायला कफीलकडे गेलो.
त्यानं चहा पाजला, खजूर पुढे केले,
घरच्यांची नावं घेऊन चौकशी केली
आणि ज्या ड्रॉवरात माझा पासपोर्ट होता
तो बोलता बोलता
गुडघ्यानं बंद केला.

हे त्याला सांगितलं नाही.
खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या.
म्हटलं, खांद्याचं माप लिहून ने,
तिथली माणसं अंदाजानं कापतात.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबर उचलला.
आधी गरम हवा, मग नख.
रे निघाला, बे निघाला,
शीनवरचे तीन नुक्ते मात्र हटून बसले.
हर्णैच्या मदरशात
याच नुक्त्यांपायी छडी खाल्ली होती:
नुक्ते विसरलास की शीनचा सीन होतो, गाढवा!
ते तीन काडेपेटीत टाकले.
का, ते विचारू नका.

फेब्रुवारीत खोबरवाले आले.
आमच्या पोरांनी शुब्बरची हुर्यो उडवली,
कुणीतरी नोटा दाखवल्यासारखे
कागद हलवले.
त्यानं सव्वीस गुण ठोकले.
मी गुण कुठे मोजत होतो,
मी त्याची पाठ बघत होतो.
नाव डावीकडे कललेलं,
रे तर पार घसरगुंडीवर,
आणि तिसऱ्या क्वार्टरच्या धक्काबुक्कीत
एक नुक्ता गळून पडला.
कुणाला दिसला नसेल.
बूट घासत फिरले त्याच्यावरून.

सामना संपला तशी दारात सावली वाकली.
शुब्बरनं जर्सी काढून टेबलावर टाकली:
परवा कुवेतला खेळायचंय, अबू अस्मा.
मी म्हटलं, बाहेरच्या कॉलेजला एक दिनार पडेल.
म्हटलं खरं, पण हात काडेपेटीकडे गेलेला.
मागून नवा गोंद, दीडशे डिग्री,
पंधरा सेकंद.
दोघंही घड्याळाकडे बघत उभे.

झाकण उचललं.
खोबरची अक्षरं हिरवी,
त्यांच्यावर एक ठिपका मरून.
रंग चुकला, म्हणाला.
लांबून नाही कळत, म्हटलं.

दोन दिनार ठेवून गेला.
मी सुटे शोधलेच नाहीत.