जिभेला वगळून

सतरा नंबरचा उंदीर आज अठ्ठेचाळीस ग्रॅम.
शेपटीला धरून काट्यावर ठेवते,
तो पसरतो कोमट कणकेच्या गोळ्यासारखा,
पळायचं मनातही आणत नाही.
बारा आठवडे डुकराची चरबी आणि साखर.
आमच्या गावात लग्नाच्या पंगतीतसुद्धा
एवढं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

मग सुई. टोकाला मण्यासारखी गोल.
घशातून थेट पोटात
पिवळं पाणी, थेंब मोजून.
जिभेला वगळून.
"चव लागली तर खाणंच टाकतील," डॉ. फंग म्हणतात,
"मग वजन औषधानं उतरलं की कडूपणानं,
कळायचं कसं?"
मी मान डोलावते, वहीत लिहिते.
आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती,
ही दोन वेगळी कधी झाली?

आई हुआंगश्वेईच्या डोंगरावर हुआंगल्यान लावते.
मांडवाखाली, कारण त्याला ऊन सोसत नाही.
पाच वर्षं वाकून तण काढायचं,
मग थंडीच्या तोंडावर उकरायचं:
कोंबडीच्या पायासारखं मूळ,
मोडलं की आत हळदीहून पिवळं.
बांबूच्या लांब टोपलीत विस्तवावरून घुसळायचं,
माती झडते, तंतू जळतात,
धूरसुद्धा कडू.
तिची नखं मी कधी पांढरी पाहिली नाहीत.

मी जन्मले तेव्हा दुधाआधी
तिनं त्याच पाण्याचं बोट माझ्या ओठांना लावलं.
मी म्हणे रडले नाही, नुसतं तोंड वाकडं केलं.
सुईण म्हणाली, निभावेल ही.

पोट बिघडलं की ते. तोंड आलं की ते.
वजन उतरवायला?
थान शिओयिंग, माझी आई, एकसष्ट साली सहा वर्षांची होती.
त्या वर्षी घरात पाचाचे तीन झाले.
वजन कशानं उतरतं
हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता बहिणीचा चिहाओ, तेरा वर्षांचा, ब्याण्णव किलो.
शाळेत त्याला टाकी म्हणतात.
फोनवर हळूच विचारतो,
मावशी, तुझ्या उंदरांचं औषध मिळेल?
मी सांगते, उंदरात दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही.
आलेखात दोन रेषा आहेत,
शेवटी शेवटी एकमेकींपासून सुटतात,
बोटभर.
तो म्हणतो, बोटभर चालेल.

त्याच्या आईनं डबी आणलीच आहे म्हणा.
कॅप्सूल. गिळायची, चव नाही.

आईला सांगितलं.
बराच वेळ पलीकडून नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या.
मग म्हणाली, कडू लागलंच नाही तर
अंगाला कळणार कसं, औषध आलंय म्हणून?
आणि लगेच: केवढ्याला पडते ती डबी?
मी आकडा सांगितला.
तिनं जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

आज सुई धुताना लक्षात आलं,
हातमोजा फाटलाय.
तर्जनीचं नख पिवळं.
नियम आहे, हात लगेच धुवायचे.
मी नळ बंद केला
आणि बोट तोंडात घातलं.

तोंड वाकडं झालं, चाळिशीतही तसंच.
पिंजऱ्यात सतरा नंबर
खातच होता.