आठ लिही

मेहरूबाई दस्तूर जगभर खेळून आल्या,
मी येरवड्यात.
चाळीस वर्षं त्यांची बॅग माझ्या डाव्या खांद्यावर.
शर्टाचं माप घेताना शिंपी अजून विचारतो,
हा खांदा असा खाली का रे, गेनू?

चालता चालता त्या सांगायच्या:
स्कॉटलंडात समुद्राकाठी एक मैदान, औषधाला झाड नाही,
वारा असा, की मारलेला चेंडू
विचार बदलून परत येतो.
तिथल्या एका बंकरला शिडी लावावी लागते.
सकाळी आत उतरलेला पाद्री संध्याकाळी वर आला
तेव्हा देवाची सगळी नावं घेऊन झाली होती,
आणि दुसरेही काही शब्द.
गुलमर्गची हवा पातळ,
सात नंबरच्या जागी आठ पुरतो.
उटीला धुक्यात मारायचं नि कान द्यायचा,
पलीकडून शिट्टी आली की चेंडू सापडला.

मी विचारलं, तिकडचे कॅडी खातात काय?
त्या थांबल्या.
डिकरा, हे मी कधी बघितलंच नाही.
पुढच्या खेपेला विमानतळावरून घरी न जाता सरळ मैदानावर,
"खिमा. कणकेच्या डबीत भरलेला. कागदात गुंडाळून, खिशातून काढून.
गारच खातात बिचारे."

आपल्याकडे समुद्र नाही.
आपल्याकडे सुखोई आहे.
श्वास रोखून पटर मागे न्यावा
आणि अख्खं लोहगाव एका कानातून दुसऱ्या कानात जावं.
नवखे थांबतात. बाई थांबायच्या नाहीत.
"पोरगं चुकून खाली बघेल, गेनू,
त्याला खेळणारी बाई दिसू दे."

आपल्याकडे कावळे आहेत,
अंडं समजून चेंडू उचलतात
आणि फसलो हे कळलं की नाल्यात टाकून देतात.
मे महिन्यात जमीन तव्यासारखी,
चांगला फटकासुद्धा धावत धावत कुंपणाला जाऊन धडकतो.
आणि ग्रीनचा उतार डोळ्यांना डावीकडे दिसतो,
तो खोटा.
मी चपला काढतो.
पाणी जिकडे जातं तिकडे चेंडू जाणार,
हे माझ्या तळव्यांना ठाऊक,
त्याआधी माझ्या बापाच्या.

मग बाईंची नजर गेली.
आधी झेंडा, मग झाडं,
मग मी, नुसता आवाज उरलो.
लोक म्हणाले, आता पुरे.
त्या म्हणाल्या, डोळे खांद्यावर बॅग घेऊन चालतायत की.
मी काठी चेंडूमागे टेकवून द्यायचो,
बाईंचे खांदे झेंड्याकडे वळवायचो,
पडलेल्या सायकलचं हँडल सरळ करावं तसे.

फेब्रुवारी. अकरावं होल.
त्या दिवशी त्यांना ब्याऐंशी पूर्ण.
तिसरा फटका उजवीकडे गेला,
बाभळीच्या मुळांत.
मी पुढे, एकटा. बाई मागे, काठी टेकत, साठेक पावलांवर.
मी ठरवायच्या आधी पायाचा अंगठा हलला.
चेंडू वीतभर सरकला.

"मस्त आहे बाई. गवतावर."

त्यांनी मारला, आणि काय मारला!
मग दोन पट, भोकात टपकन.
मी कानावरची पेन्सिल काढली.
बाई, सहा?

त्या हातमोजा काढत होत्या, एकेक बोट, सावकाश.
"आठ लिही."

वरून एक विमान गेलं, ते जाऊ दिलं त्यांनी.

"गवत आवाज करत नाही, गेनू.
मला लाकूड ऐकू आलं."

एवढंच. आणि बाराव्या होलकडे निघाल्या,
मी न वळवता, बरोबर दिशेला.

आता नवी पोरं विचारतात,
काका, जगातलं सगळ्यात अवघड मैदान कोणतं?
त्यांना समुद्र हवा असतो, शिडीचा बंकर हवा असतो.
मी सांगतो तेही, पाद्र्यासकट.

ग्रीनवर मी अजून अनवाणी जातो.
बाभळीजवळ मात्र आधी चपला घालतो.
पोरांना वाटतं, काट्यांसाठी.