छाट

अम्माला आधी वाटलं, पॉइंट म्हणजे व्याज.
मग वाटलं, भिशी.
मग चष्मा कपाळावर सारून तिनं विचारलं,
"पण वेणू, हे देणं कुणाचं?
कुणाच्या खिशातनं निघतंय?"

वेणूकडे उत्तर नव्हतं, कार्ड होतं.
चार वर्षं त्यावर सूत चढत गेलं,
गाठोड्यामागून गाठोडं,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचं रंगाचं बिल.
गड्डम शेठ महिन्याच्या पाचला पैसे परत करायचे
आणि पॉइंट तेवढे आमच्याकडे राहायचे,
मागाखाली साचतो तो भुस्सा, तसे.
भुस्साही विकला जातो, वेणू म्हणाला.

मी वही केली.
गॅस, विमा, श्रीजाच्या शाळेची फी,
सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन.
दवाखान्याच्या खिडकीशी
मी विचारलं, कार्ड चालतं का,
आणि उत्तर यायच्या आत मनात गुणाकार केला.
ते घरी आले, सात महिने जगले.
गुणाकाराची लाज अजून गेलेली नाही.

तीन लाख बारा हजार.
अम्मानं आकडा विड्यांत करून पाहिला.
दिवसाला हजार, रविवार सोडून.
"एक वर्ष," म्हणाली, "माझं.
एक दिवस आजारी धरला तर."

आणि मार्चअखेर वापरले नाहीत तर
जातात, असं मी सांगितलं तेव्हा
तिनं एकच शब्द उच्चारला: "छाट."
पान पिवळं, तोंड सैल,
चेकर मूठभर विड्या बाजूला काढायचा,
त्यांची मजुरी नाही,
आणि विड्या मात्र पोत्यात त्याच्याच.
"काढा तिकिटं," म्हणाली,
"आता छाट होऊ द्यायची नाही."

हैदराबादपर्यंत रात्रीची एसटी,
तिथून पलंग होणाऱ्या खुर्च्या.
अम्मा बँकॉक येईस्तोवर ताठ बसून होती.
एवढ्या मोलाची जागा
झोपून कशी घालवायची?

एकतिसावा मजला. खाली नदी,
नदीवर दिव्यांच्या होड्या,
नाश्त्याला इतके प्रकार की श्रीजा मोजताना चुकली,
आणि अम्मा पिशवीतली शेंगाचटणी
कुणी बघत नाही असं बघून
पावावर भुरभुरवते.

पलंगावर टॉवेलचा हंस होता.
श्रीजानं फोटो काढला, अम्मानं हंस उलगडला.
मला वाटलं, आता म्हणेल, आपल्या सोलापूरचा.
मीही काठ चाचपला, लेबल वाचलं,
भलत्याच देशाचं नाव.

अम्मा लेबल बघतच नव्हती. तिला वाचता येत नाही.
कोपऱ्यात जिथं शिलाई वळते
तिथं बोट फिरवत म्हणाली,
"इथं दोन टाके सुटलेत.
दिवे लागणीचं काम आहे हे.
चेकरला दिसलं नाही, बरं झालं बाईचं."
मग त्याच टॉवेलनं तोंड पुसलं, खसाखसा.
चार दिवस तोच.
बदलायला आलेल्या मुलीला तिनं हातानंच
नको म्हटलं,
आणि तिचा हात हातात घेऊन
तळवा उलटा करून बघितला.

शेवटच्या रात्री खिडकीशी उभी राहून विचारलं,
"यात यांच्या ऑपरेशनचे किती?"
वही सोलापुरात होती. आकडा मला पाठ होता.
सांगितला.
ती बराच वेळ होड्या बघत राहिली,
मग म्हणाली, "तो एसी जरा कमी कर."

आता कुंभारीच्या गच्चीवर सांडगे वाळतायत.
वेणू पुन्हा सुताची बिलं चढवतोय.
खात्यात उरले दोनशे चौदा.

"आठ कट्टे," अम्मा म्हणाली, "आणि वर चौदा."
कावळ्याला हाकलून पुन्हा माझ्याकडे वळली,
"त्या चौदांची मुदत कधीची?"